बारा संघ, तेरा पंच

डिसेंबर २०२५च्या पहिल्या शनिवारी नोटर डेम आणि मायामी या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांपैकी एकही मैदानात उतरला नाही. त्याआधीच्या मंगळवारी जाहीर झालेल्या क्रमवारीत नोटर डेम दहावा होता आणि मायामी बारावा. रविवारी, ७ डिसेंबरला, अंतिम क्रमवारी आली तेव्हा मायामी दहावा झाला होता आणि नोटर डेम अकरावा. मायामीला राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत प्रवेश मिळाला, नोटर डेमचा हुकला. दोघांच्याही खात्यावर दहा विजय, दोन पराभव. मधल्या पाच दिवसांत दोघांनीही चेंडूला हात लावलेला नव्हता.

याचं जे कारण सांगण्यात आलं ते असं. या दोघांच्या मध्ये अकराव्या जागी ब्रिगम यंग विद्यापीठाचा संघ होता. तो शनिवारी टेक्सास टेककडून ७-३४ असा सपाटून हरला आणि एक पायरी खाली घसरला. मधला संघ हटल्यामुळे नोटर डेम आणि मायामी क्रमवारीत शेजारी आले. शेजारी आल्यावर क्रमवारी लावणाऱ्या समितीने विचारात घेतलं की मोसमाच्या सुरुवातीला, ३१ ऑगस्टला, मायामीने नोटर डेमला २७-२४ असं हरवलेलं आहे. तो विजय मंगळवारीही तितकाच खरा होता, त्याआधीच्या मंगळवारीही होता. तिकडे अलाबामाचा संघ त्याच शनिवारी जॉर्जियाकडून ७-२८ असा हरला. तो आधी नववा होता, नंतरही नववाच राहिला. नोटर डेमने संतापून मोसमाअखेरच्या दुसऱ्या कुठल्याही बाउल सामन्यात खेळायलाच नकार दिला.

मायामीला घेतलं हे चूक झालं असं मला म्हणायचं नाही. दोघांचं यश सारखं असेल तर प्रत्यक्ष लढतीत जिंकलेला पुढे जावा, याहून सरळ न्याय नाही. आक्षेप वाटेला आहे. योग्य ठिकाणी पोहोचायला इतकी वाकडी वाट धरावी लागत असेल, तर पुढच्या वर्षी तीच वाट कुठे नेऊन सोडेल याचा भरवसा कोणी द्यायचा? हे पुस्तक त्या वाटेविषयी आहे. बाद फेरीतले संघ निवडायचे कसे आणि निवडल्यावर त्यांना मानांकन द्यायचं कसं, हे दोन प्रश्न त्यात आहेत. ते एकच नाहीत, हे माझं मुख्य म्हणणं. अमेरिकेतली बहुतेक भांडणं ते एकच आहेत असं धरून चालल्यामुळे होतात.

पुण्या-मुंबईहून एम.एस.ला गेलेली मुलं टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशनला किंवा ओहायोतल्या कोलंबसला पोहोचली, की पहिल्याच शरदात त्यांच्या ध्यानात येतं की शनिवारी गावात दुसरं काही चालत नाही. कोलंबसच्या मैदानात लाखाहून जास्त माणसं बसतात, मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांच्या वर. आणि हे सगळं कॉलेजच्या मुलांचा सामना पाहायला. खेळाचे नियम एक-दोन वर्षांत अंगवळणी पडतात, क्वार्टरबॅक आणि टचडाऊन घरच्या बोलण्यात येऊ लागतात. डोक्यात शिरत नाही ती ही निवड. इथे क्रिकेटवर पोसलेली बुद्धी उलट आड येते. रणजी करंडकात गटातल्या सामन्यांचे गुण मोजतात, ज्याचे जास्त तो उपांत्यपूर्व फेरीत जातो. निवड समिती असते, पण ती खेळाडू निवडते. मुंबई पुढे जावी की विदर्भ, हे तिला कोणी विचारत नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात नेमकं हेच विचारलं जातं, आणि तेरा माणसं त्याचं उत्तर देतात.

ते विचारावं लागतं याचं कारण साध्या गणितात आहे. २०२५च्या मोसमात या गटात १३६ संघ होते. खेळ इतका अंगावर येणारा, की आठवड्याला एकाहून जास्त सामना शक्य नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला नियमित मोसमात बाराच सामने. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर ९,१८० सामने लागतील. प्रत्यक्षात होतात फार तर आठशेच्या आसपास, आणि त्यातही काही खालच्या गटातल्या संघांशी. म्हणजे शंभर जोड्यांपैकी नव्वदांहून जास्त जोड्यांची गाठच पडत नाही. त्यात संघ वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेले. बिग टेनमध्ये (नावावर जाऊ नका) अठरा संघ, साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये सोळा. जो तो मुख्यतः आपल्याच कॉन्फरन्समध्ये खेळतो. एकाचे अकरा विजय आणि दुसऱ्याचे नऊ विजय यांची तुलना करायची तर कोणाविरुद्ध मिळवले हे पाहावं लागतं. ते प्रतिस्पर्धी किती भक्कम हे ठरवायला त्यांचे प्रतिस्पर्धी, मग त्यांचे. ही साखळी जिथे तुटते तिथे मत सुरू होतं.

पूर्वी सगळंच मत होतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे क्रीडा पत्रकार १९३६पासून दर आठवड्याला मतदान करून क्रमवारी लावत आले, १९५०पासून प्रशिक्षकांचं वेगळं मतदान सुरू झालं. मोसमाअखेर या याद्यांत जो वर तो राष्ट्रीय विजेता. नववर्षाच्या सुमारास बाउल सामने होत. पॅसाडिनाचा रोझ बाउल त्यांतला सर्वांत जुना, १९०२चा. पण ते मुळात यजमान शहरांचे सोहळे होते. कोणता संघ कुठे जाणार हे करारांनी ठरलेलं असायचं, त्यामुळे पहिला आणि दुसरा समोरासमोर येतीलच असं नाही. कित्येक वर्षं तर अंतिम मतदान बाउल सामन्यांच्या आधीच उरकलं जाई. १९९०, १९९१ आणि १९९७ या तिन्ही वर्षी पत्रकारांचा विजेता एक होता आणि प्रशिक्षकांचा दुसरा. दोघांनी आपापल्या गावात मिरवणूक काढली आणि कोणाचं काही बिघडलं नाही, असं म्हणणारे जुने रसिक अजून भेटतात. त्यांचा हेवा वाटतो.

नियामक संस्था काय करत होती? कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, एनसीएए, बाकीच्या खेळांत आणि फुटबॉलच्याही खालच्या गटांत रीतसर बाद फेरी घेते. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत १९७३पासून, पहिल्या श्रेणीच्या धाकट्या पातीत १९७८पासून. फक्त सर्वोच्च गटाचा विजेता ती ठरवत नाही. तिचा तिथला दरारा मोडला तो १९८४मध्ये. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरची एनसीएएची मक्तेदारी मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. त्या निकालानंतर पैशाच्या चाव्या कॉन्फरन्सकडे गेल्या, आणि पुढची प्रत्येक निवडपद्धत खेळाचा नियम कमी आणि कॉन्फरन्समधला तह जास्त अशी झाली. हे ध्यानात ठेवलं नाही तर या पुस्तकातली अर्धी प्रकरणं वेड्यांचा बाजार वाटतील.

१९९८ ते २०१३ ही सोळा वर्षं बाउल चॅम्पियनशिप सिरीज नावाच्या व्यवस्थेची. मतदान आणि संगणकांच्या क्रमवाऱ्या यांचं मिश्रण करून दोन संघ निवडायचे आणि त्यांचा एकच अंतिम सामना. २००१मध्ये नेब्रास्का कोलोरॅडोकडून ३६-६२ असा हरला, स्वतःच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही पोहोचला नाही, तरी सूत्राने त्याला राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेऊन बसवलं. २००३मध्ये दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया बाहेर राहिला आणि आदल्या शनिवारी ७-३५ असा हरलेला ओक्लाहोमा आत गेला. लोकांनी संगणकाला शिव्या घातल्या. खरं तर त्या संगणकांना २००२पासून एक डोळा झाकूनच बसवलं होतं: विजय किती गुणांच्या फरकाने मिळाला हे मोजायचंच नाही, अशी अट घातली गेली. दुबळ्या संघांना कोणी साठ-साठ गुणांनी तुडवू नये हा हेतू. हेतू चांगलाच होता. या फरकाचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

त्या काळातली एक छोटी गोष्ट मला फार बोलकी वाटते. सहा संगणकीय पद्धतींपैकी वेस्ली कॉली या खगोलभौतिकीच्या माणसाचं सूत्र तेवढं पूर्ण उघड होतं. कोणीही ते मांडून पाहावं. डिसेंबर २०१०मध्ये एका पत्रकाराने तसं पाहिलं आणि त्याला दिसलं, की खालच्या गटातल्या एका सामन्याचा निकाल भरायचा राहिला आहे. तो भरल्यावर अंतिम यादीत दहाव्या-अकराव्या जागी बसलेल्या लुइझियाना स्टेट आणि बॉइझी स्टेट यांची अदलाबदल झाली. यावरून संगणक कसे चुकतात असं बरंच लिहिलं गेलं. उरलेली पाच सूत्रं झाकलेली होती. त्यांत काही राहून गेलं असतं तर ते कोणी शोधायचं, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

२०१४मध्ये प्लेऑफ आला, चार संघांचा, आणि त्याबरोबर निवड समिती. क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू अशी तेरा माणसं. पहिल्या समितीत माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइसही होत्या. डॅलस विमानतळाजवळच्या ग्रेपव्हाइन गावातल्या एका हॉटेलात बसायचं, चर्चा करायची, टप्प्याटप्प्याने गुप्त मतदान करायचं. आपल्या विद्यापीठाचा विषय निघाला की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं. या माणसांच्या सचोटीवर मी कुठेही शंका घेतलेली नाही, आणि ज्यांना प्रत्येक निकालामागे दूरचित्रवाणी कंपनीचा हात दिसतो त्यांच्याशी माझं जमत नाही. पण प्लेऑफ आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्स दोन्हींचं प्रक्षेपण एकाच कंपनीकडे असल्यावर लोक बोलणारच. समितीची अडचण निराळी आहे. तिला काम दिलं आहे ‘सर्वोत्तम’ संघ निवडण्याचं, आणि निकष दिले आहेत कामगिरीचे: प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, कॉन्फरन्सचं विजेतेपद, प्रत्यक्ष लढत, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल. उद्या खेळले तर कोण जिंकेल हा एक प्रश्न. आजवर खेळून कोणी जास्त कमावलं हा दुसरा. दोन्हींची उत्तरं जुळतात तेव्हा समिती शहाणी ठरते. जुळत नाहीत तेव्हा दोन्हींपैकी सोयीचं ते पुढे केलं जातं, आणि मला वाटतं बऱ्याचदा सदस्यांच्या स्वतःच्याही ते लक्षात येत नसावं.

दोन वर्षं शेजारी ठेवून पाहू. २०१४मध्ये ओहायो स्टेटचा दुसरा क्वार्टरबॅक मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात जायबंदी झाला (पहिला मोसमापूर्वीच झाला होता). तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स उभा राहिला आणि संघाने बिग टेनच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ५९-० असं धुतलं. समितीने ओहायो स्टेटला चौथी जागा दिली. त्यासाठी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा संघ, जो तिसरा होता आणि त्याच दिवशी ५५-३ असा जिंकला होता, थेट सहावा झाला. बावन्न गुणांनी जिंकून तीन पायऱ्या खाली! ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेता झाला. आता २०२३. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात पाय मोडून बाहेर गेला. संघ तरीही उरलेले सामने जिंकत गेला, कॉन्फरन्सचा अंतिम सामना १६-६ असा जिंकला. तेरापैकी तेरा विजय, मोठ्या कॉन्फरन्सचं विजेतेपद, आणि समितीने त्याला पाचवा ठरवून बाहेर ठेवलं. एक पराभव पदरी असलेला अलाबामा चौथा. मोठ्या कॉन्फरन्सच्या अपराजित विजेत्याला चार संघांच्या प्लेऑफने दार बंद केल्याची दुसरी नोंद नाही.

प्रमुख खेळाडूच्या अनुपलब्धतेचा विचार करण्याची मुभा समितीच्या नियमांत होती, हे खरं. पण मग या दोन प्रकरणांत फरक कशाने पडला? ५९-० आणि १६-६ यांनी. म्हणजे गुणांच्या फरकाने. विजयाचा फरक वाढवायला उत्तेजन देऊ नये असं ज्या नियमावलीत लिहिलं आहे, तिच्याच आधारे. संगणकाचा जो डोळा झाकला होता तो माणसांनी उघडा ठेवला, इतकंच.

नंतर ऑरेंज बाउलमध्ये फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून ३-६३ असा हरला आणि ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ असा एकच गलका झाला. ही युक्ती मला मान्य नाही. बाहेर ठेवल्यानंतर त्या संघातले अनेक प्रमुख खेळाडू त्या सामन्यात खेळलेच नाहीत. आणि खेळले असते तरी? मायामी २०२५च्या प्लेऑफमध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, म्हणून नोटर डेमचा दावा खोटा ठरत नाही. निवड झाली त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवरच निवडीचा न्याय करायला हवा. नंतरच्या निकालावरून आधीच्या निर्णयाला शाबासकी द्यायची सवय लागली, की निवडणाऱ्यांना फक्त नशीबवान असावं लागतं.

२०२४पासून बारा संघ आले. कॉन्फरन्स विजेत्यांपैकी क्रमवारीतले वरचे पाच थेट आत आणि बाकीचे सात क्रमवारीनुसार. पहिल्या वर्षी मानांकनाने निवडीपेक्षा मोठा घोळ घातला, म्हणून तिथे जरा थांबतो. वरची चार मानांकनं आणि पहिल्या फेरीत पुढे चाल ही फक्त कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखून ठेवली होती. त्यामुळे क्रमवारीत नववा असलेला बॉइझी स्टेट तिसरा मानांकित झाला आणि बारावा असलेला ॲरिझोना स्टेट चौथा. खालचं सगळं सरकलं. अव्वल मानांकित, तेराच्या तेरा सामने जिंकलेल्या ओरेगनला पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेट भेटला, ज्याला त्याने ऑक्टोबरात केवळ एका गुणाने, ३२-३१ असं हरवलं होतं. रोझ बाउलमध्ये दुसऱ्या सत्रातच ओहायो स्टेटकडे ३४-० अशी आघाडी होती; निकाल ४१-२१. याउलट बिग टेनच्या अंतिम सामन्यात याच ओरेगनकडून हरलेल्या पेन स्टेटच्या वाट्याला सदर्न मेथडिस्ट आणि मग बॉइझी स्टेट आले. हरणाऱ्याला जिंकणाऱ्यापेक्षा सोपी वाट. अशी सोडत गल्लीतल्या कॅरम स्पर्धेतही कोणी चालवून घेणार नाही.

मे २०२५मध्ये हा नियम बदलला. वरच्या पाच विजेत्यांना प्रवेशाची हमी राहिली, मानांकन मात्र सरळ क्रमवारीप्रमाणे. हा बदल निःसंशय योग्य होता. तरी एक खोड उरली. पुढे चाल मिळालेले संघ २०२४मध्ये चारही हरले, २०२५मध्ये चारपैकी तीन. वाचला तो एकटा इंडियाना, जो पुढे विजेताही झाला. आठ सामन्यांवरून सिद्धांत मांडू नये. पण तीन-साडेतीन आठवडे सामना नाही आणि नंतर थेट तटस्थ मैदानावरचा बाउल, हे बक्षीस म्हणावं की शिक्षा? पाचव्या ते आठव्या मानांकिताला निदान डिसेंबरच्या थंडीत स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या लाखभर माणसांसमोर एक सामना मिळतो. पहिल्या चौघांना घरचा एकही सामना नाही. उपांत्यपूर्व सामने वरच्या मानांकितांच्या घरच्या मैदानांवर न्यावेत, बाउलना उपांत्य फेरीपासून पुढचं द्यावं, असं माझं मत आहे. बाउलवाल्यांना ते आवडणार नाही, आणि शंभर वर्षांचे करार सुटता सुटत नाहीत.

आता मूळ मुद्दा. चुकीचं मानांकन मैदानावर भरून काढता येतं. आठवा मानांकित ओहायो स्टेट २०२४च्या मोसमात विजेता झालाच. चुकीने बाहेर ठेवलेल्याला मात्र भरपाईची जागाच नाही. म्हणून प्रवेश आणि मानांकन यांना वेगळी मापं लावावीत. प्रवेश निव्वळ कमाईवर: कोणाविरुद्ध, कुठे, किती जिंकलात. त्यासाठीचं सूत्र ऑगस्टमध्ये, पहिला चेंडू उडण्यापूर्वी, कॉलीच्या सूत्रासारखं उघड छापावं. बरोबरी झाली तर प्रत्यक्ष लढत, मग दोघे क्रमवारीत शेजारी असोत वा नसोत. दुखापती, खेळाचा डौल, क्वार्टरबॅकचा हात, ‘डोळ्यांना काय दिसतं’ हे सगळं मानांकनासाठी ठेवावं. तिथे समितीने आपला अनुभव खुशाल खर्च करावा. या हिशेबाने २०२३चा फ्लोरिडा स्टेट आत असता, कदाचित शेवटच्या मानांकनाने. आणि दर मंगळवारी क्रमवारी जाहीर करण्याचा तमाशा बंद करावा. त्याने समितीला आपल्याच कालच्या मताशी बांधून घ्यावं लागतं आणि नोटर डेमसारख्यांना दहाव्या जागेची आशा लावून शेवटच्या दिवशी ती काढून घेतली जाते.

सूत्रवाल्यांची बाजू निर्दोष नाही. विजयाचं मोल ठरवायला प्रतिस्पर्ध्याचं बळ मोजावंच लागतं, आणि बारा सामन्यांत ते मोजणं कच्चंच राहतं. शिवाय कॉन्फरन्स विजेत्यांची हमी म्हणजे तरी काय, हे २०२५ने दाखवलं. ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं विजेतेपद आठ विजय आणि पाच पराभवांच्या ड्यूकने पटकावलं. तो क्रमवारीत इतका मागे, की विजेत्यांच्या पाच जागांत विसावा टुलेन आणि चोविसावा जेम्स मॅडिसन बसले आणि ड्यूक बाहेर राहिला. या दोन छोट्या विद्यापीठांना कशाला घेतलं म्हणून ओरड झाली. ती मला पटत नाही. ज्या स्पर्धेत १३६ संघ भाग घेतात तिथे निम्म्यांना वाट कायमची बंद ठेवायची असेल, तर तसं आधीच सांगून त्यांचा गट वेगळा करावा. २०१७मध्ये सेंट्रल फ्लोरिडा तेराच्या तेरा सामने जिंकला आणि चार संघांच्या प्लेऑफच्या जवळपासही फिरकू शकला नाही. शेवटी त्याने स्वतःच स्वतःला राष्ट्रीय विजेता जाहीर करून टाकलं. लोक हसले. मी हसलो नाही.

सध्या चर्चा आहे ती सोळा संघांची, त्याहूनही मोठ्या सोडतीची. बिग टेनने मांडलेल्या एका आराखड्यात त्याच्या आणि साउथईस्टर्नच्या वाट्याला चार-चार जागा आधीच राखून ठेवलेल्या होत्या. जागा नियमाने मिळावी असं मी वर म्हटलं, पण हा नियम मोसम सुरू होण्याआधीच निकाल लावतो. दुसरा आराखडा पाच विजेते आणि क्रमवारीतले अकरा असा. तो अधिक सभ्य आहे. संघ वाढले की भांडण मिटेल, असं मात्र कोणी समजू नये. २०२५च्या अंतिम क्रमवारीला हा दुसरा आराखडा लावून पाहिला तर नोटर डेम, ब्रिगम यंग, टेक्सास आणि व्हँडरबिल्ट हे चौघे आत येतात. चौदावा व्हँडरबिल्ट शेवटच्या जागेवर बसतो आणि पंधरावा युटा बाहेर राहतो. दोघांचेही दहा विजय, दोन पराभव, आणि त्या मोसमात दोघे एकमेकांशी खेळलेच नव्हते.